माझ्या मयतीची वर्गणी मला जिवंतपणी पोचली

॥ श्री एकवीरा आई प्रसन्न ॥

लिहून ठेवणार मी, कमळ धर्मा घरत. वय आधारकार्डावर एकाहत्तर, खरं त्याहून थोडं जास्तच. धंदा धवलारीण, म्हणजे आमच्या आगरी लग्नांत हळदीपासून वरात दारात येईपर्यंत धवले गाऊन विधी पार पाडणारी बाई. राहणार खारवडाळे, तालुका पेण, जिल्हा रायगड. माझं डोकं ठिकाणावर आहे. पेणच्या डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत टाचला आहे. त्यांनी मला विचारलं, आज वार कोणता. मी वार सांगितला, तिथी सांगितली, आणि त्या तिथीला गावात कोणाकोणाची लग्नं लागली ते सांगायला लागले, तेव्हा म्हणाले, "पुरे आजी, तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं आहे."

हे मृत्युपत्र मी माझ्या हाताने लिहिते आहे. शाळेत मी गेले नाही. ज्या घरी धवले गायला जायचे त्या घरची लग्नपत्रिका मागून आणायचे आणि घरी आमच्या यजमानांकडून एक एक अक्षर विचारून घ्यायचे. पत्रिकेत काय छापलंय ते तोंडपाठ असायचं, त्यामुळे अक्षर आपोआप ओळखीचं व्हायचं. अशी मी लग्नपत्रिकांवर वाचायला शिकले. तेव्हा माझ्या लिहिण्यात कुठे "अगत्य येण्याचे करावे" असा सूर लागला तर वाचणाऱ्याने हसू नये.

वकीलबाईंनी सांगितलं की मी कोणाच्याही दबावाखाली नाही असं लिहायचं. कोणी माझा हात धरलेला नाही, हे खरं आहे. पण मला घाई आहे. ती कशाची ते पुढे येईलच.

कलम १. माझी माणसं.

माझे यजमान धर्मा मिठागरावर कामाला होते. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. ते गेल्यावरही लोकांनी मला लग्नाला बोलवायचं सोडलं नाही, हे या गावांचं मोठेपण मी इथे नोंदवून ठेवते. आम्हाला मूल झालं नाही. माझ्या घराला भिंत लावून धाकट्या दिरांचं घर आहे. दीरही आता नाहीत. तिथे माझी जाऊ नीराबाई, तिचा धाकटा मुलगा प्रणय, त्याची बायको रुचिका आणि त्यांची मुलगी नेत्रा राहतात. थोरला मुलगा दिपेश पनवेलला असतो, त्याच्या चार गाड्या भाड्याने धावतात.

प्रणय भिंतीच्या त्या बाजूला जन्मला आणि या बाजूला वाढला, असं गाव म्हणतं. नीराबाई भाजीची पाटी घेऊन पेणच्या बाजाराला जायची, तेव्हा तो माझ्या ओसरीवर असायचा. जेवायचाही माझ्याकडेच, आणि मग घरी जाऊन पुन्हा जेवायचा. मोठा झाल्यावर दुसऱ्याचा ट्रेलर चालवला, मग कर्ज काढून स्वतःचा घेतला. बंदरातले कंटेनर ओढतो. वकीलबाई म्हणाल्या, आता "ओढायचा" असं लिहा. मी "ओढतो" असंच ठेवते.

कलम २. आजार.

गेल्या गणपतीत प्रणय म्हणाला, "काकी, भाकर अडकते गो." मी म्हटलं, घाई करतोस, पाणी पी. दिवाळीपर्यंत पाणीही अडकायला लागलं. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला, तो यकृतापर्यंत गेलेला. सरकारी योजनेतून त्याला किमो मिळाला, ज्यांनी तो कागद करून दिला त्यांचं भलं होवो. पण योजनेत किमो बसतो. मुंबईची गाडी बसत नाही, तिथल्या बाहेरच्या खोलीचं भाडं बसत नाही, आणि उभा राहिलेला ट्रेलर महिन्याला जो हप्ता मागतो तो तर कशातच बसत नाही. रुचिकाचं सोनं गेलं. माझ्या बांगड्या गेल्या. माझ्या परसातल्या तळ्यातले जिताडे मासे मी होते नव्हते तेवढे काढून एका हॉटेलवाल्याला दिले. त्याने अडलेल्या बाईचा भाव लावला आणि मी तो घेतला. रुचिका आता गळ्यात काळे मणी दोऱ्यात ओवून घालते. ती तक्रार करत नाही. मला मात्र तिच्या गळ्याकडे बघवत नाही, कारण ते मंगळसूत्र घालताना धवले मी गायले होते.

मुंबईच्या डॉक्टरांनी रुचिकाला आणि मला बाहेर बोलावलं. तरुण मुलगा होता, पण नीट बसून बोलला. म्हणाला, आजार जाणार नाही. पण नळीत धातूची एक जाळी बसवता येते, तिने वाट मोकळी होते, पातळ अन्न तोंडाने खाता येतं. दुखणं कमी करायला मॉर्फीनच्या गोळ्या देता येतात. घरी त्याच्या माणसांत ठेवा. जाळीचा खर्च वेगळा, घरी प्राणवायूचं मशीन लागेल त्याचं भाडं वेगळं.

रुचिकाने विचारलं, "जाळी बसवली की जेवंल?"

"पेज, सूप, दूध. तोंडाने. हो."

त्या वेळी प्रणयला स्वतःची थुंकीही गिळता येत नव्हती. उशाशी वाटी ठेवलेली असायची. हाडापेराने एवढा मजबूत गडी, वाटीत थुंकताना भिंतीकडे तोंड करायचा.

याच आठवड्यात गाव त्याला बघायला आलं. आमच्याकडची पद्धतच आहे, माणूस मुंबईला ॲडमिट झाला की टेम्पो ठरवायचा आणि सगळ्यांनी मिळून जायचं. टेम्पो भरून आले, आणि रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून प्रत्येकाने शहाळं आणलं. नर्स ओरडायला लागली. पाण्याचा घोट न उतरणाऱ्या माणसाच्या खाटेखाली शहाळ्यांचा ढीग झाला. रुचिकाने सगळ्यांना खाली नेऊन चहा पाजला, त्याचे पैसे माझ्याकडून घेतले. जाताना प्रत्येक जण तिला म्हणाला, "काय लागलं तर सांग." ती पोर लाजेने काही सांगू शकली नाही. मी ठरवलं की मी सांगणार.

कलम ३. माझी मयतीची वर्गणी.

हे मृत्युपत्र लिहायचं मुख्य कारण हे कलम आहे, तेव्हा गावकीने ते नीट वाचावं.

आमच्या गावात कोणाच्या घरी मयत झाली की प्रत्येक उंबऱ्यातून त्या घराला वर्गणी जाते, रोख आणि तांदूळ. त्यातून सरण, विधी आणि बाराव्याचं जेवण होतं. लग्न होऊन आल्यापासून मी ही वर्गणी देत आले. एकही मयत चुकवली नाही, ज्या माणसाने माझं कुंपण मोडलं त्याचीसुद्धा नाही. पण ही वर्गणी मयतीलाच निघते. आजाराला निघत नाही. कधी निघालेली नाही.

देवळासमोर गावकी बसली तेव्हा मी उभी राहिले. आमच्यात बायका तिथे बोलत नाहीत असं नाही, पण बसून बोलतात. मी म्हटलं, "गणराजभाऊ, मयतीची वर्गणी काढा."

गणराज ठाकूर गावकीचे अध्यक्ष. त्यांनी टोपी सरळ केली. "कोन गेला?"

"कोनी न्हाय. माझी काढा."

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "कमळबाय, आधी जा तरी." मीही हसले, कारण हसल्याशिवाय मला पुढचं बोलता आलं नसतं. म्हटलं, "मला मूल न्हाय. मी मेल्यावर माझ्या वर्गणीचं जेवन तुम्हीच करनार आन् तुम्हीच खानार. त्यापेक्षा आत्ता द्या. पोराच्या नळीत जाळी बसवायची हाय. मी मेल्यावर तुमच्याकडं एक दाना मागनार न्हाय."

गणराज म्हणाले, "कमळबाय, तुझं दुःख मला कळतंय. पन आजाराला एकदा वर्गणी निघाली की गाव बुडंल. आजार कुनाच्या घरात न्हाय? मयत एकदाच होते. आजाराला शेवट कुठं असतो?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या स्वतःच्या बायकोचं डायलिसिस चालू आहे आणि त्यांनी गावाकडे कधी काही मागितलं नाही. तेवढ्यात मागून एक जण बोलला. त्याचं नाव मी लिहीत नाही, त्याला म्हातारी आई आहे. म्हणाला, "थोडी कळ काढा ना. त्या घराला वर्गणी तशी पन..."

त्याने बोलणं अर्ध्यावर सोडलं, पण रुचिका देवळाच्या खांबाला टेकून उभी होती आणि तिला ते पुरतं ऐकू आलं. तिने पदर सारखा केला.

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. नीराबाईने नंतर सांगितलं त्यावरून लिहिते. मी म्हटलं, "त्याची न्हाय! त्याची वर्गणी कोनी मनात पन धरायची न्हाय. माझी मोजा. माझ्या बाराव्याला पंगतीत बसून तुम्ही भात आन् वालाचं बिरडं खाल, ढेकर द्याल, आन् म्हनाल कमळबाय चांगली होती. पोराच्या घशाखाली थुंकी उतरत न्हाय रं! मला तुमचं जेवन नको. त्याला एक घोट पानी जाऊ दे."

गणराज म्हणाले, "आन् उद्या तू गेल्यावर दिपेश आला, म्हनला काकीची वर्गणी काढा, तर?"

"लिहून देते."

"सहीशिक्क्यानं?"

"सहीशिक्क्यानं. मृत्युपत्रात."

"मग काढा," गणराज म्हणाले. आणि सगळ्यांत आधी स्वतःच्या खिशात हात घातला.

म्हणून मी या कलमाने जाहीर करते की माझ्या मयतीची गावकीची वर्गणी, रोख आणि तांदूळ, मला जिवंतपणी पूर्ण पोचली. माझ्या मरणानंतर माझ्या नावाने कोणीही, नातेवाईक असो की परका, गावकीकडे काही मागू नये. मागितल्यास हा कागद दाखवावा.

वर्गणीत तांदूळ यायचाच, पद्धत ती पद्धत. माझ्या ओसरीवर गोणी भरून तांदूळ पडला. जाळी बसवून प्रणयला घरी आणलं तेव्हा रुचिकाने त्यातल्याच मूठभर तांदळाची पेज केली, गाळून, कोमट. आम्ही तिघी बायका खाटेभोवती उभ्या. त्याने चमचा तोंडात घेतला आणि थांबला. आम्हीही थांबलो. मग त्याच्या गळ्याची गाठ खाली गेली, वर आली. वाटी कोणी पुढे केली नाही.

तो म्हणाला, "काकी, तुझ्या बाराव्याची पेज गोड हाय गो."

नीराबाईने त्याच्या पाठीत हळूच चापट मारली आणि मग तोंड लपवून परसात गेली. गावाने काय दिलं ते त्या एका घोटाने मला कळलं. गावालाही कळावं म्हणून लिहिलं.

कलम ४. माझे अंत्यसंस्कार.

गावाने मला फक्त खांदे द्यावेत. खांद्याला पैसे पडत नाहीत. सरणाला माझ्या परसातलं वठलेलं आंब्याचं झाड तोडावं. ते मी अजून तोडलेलं नाही ते याचसाठी. बाराव्याला जेवण घालू नये. कोणाला वाईट वाटलं तर त्याने आपल्या घरी जेवावं.

कलम ५. राहतं घर.

माझं घर, दोन खोल्या, ओसरी आणि परस, मी प्रणयला देते. या घराची घरपट्टी माझ्या नावाने आहे. बाकी कागद नाही, कारण आमची आळी जुन्या गावठाणाच्या बाहेर वाढलेली आहे. घर गहाण ठेवायला मी बँकेत गेले होते. साहेब चांगला होता, पाणी दिलं. म्हणाला, "आजी, कागदावर तुमचं घर नाहीच." मी म्हटलं, "मग घरपट्टी कसली घेतात?" तो म्हणाला, "ते ग्रामपंचायतीला विचारा." विकायला काढलं तर कागदाविना घर घेणारा मिळाला नाही. एवढं छप्पर डोक्यावर असून त्याचा एक रुपया होईना, म्हणून मला स्वतःची मयत विकावी लागली. असो. कागदावर नसलं तरी पावसात गळत नाही. ते प्रणयचं.

कलम ६. खारातलं शेत.

खाडीलगतचं माझं शेत मी पुतण्या दिपेश याला देते. बांध फुटून खाडीचं पाणी आत शिरलं त्याला पुष्कळ वर्षं झाली. आता तिथे तिवराची झाडं माजली आहेत. तिवराला हात लावला तर गुन्हा होतो, आणि हात लावला नाही तर शेत होत नाही. सातबाऱ्यावर नाव माझं आहे, पीक खेकड्यांचं आहे. दिपेशला जमिनीची फार आवड, म्हणून त्याला देते. तिवरांसकट, खेकड्यांसकट.

हे मी रागाने लिहिलं आहे आणि खोडणार नाही. गावकीची गोष्ट त्याला कळली तेव्हा तो गाडी घेऊन आला आणि अंगणातूनच ओरडला, "काकी, गावापुढं हात पसरून आमची इज्जत घालवलीस! मी त्याला प्रायव्हेटला नेनार होतो. नवीन इंजेक्शन आलंय."

मी विचारलं, "कधी नेनार होतास?"

"गाडी विकून..."

"कुनाची गाडी?"

तो प्रणयच्याच ट्रेलरबद्दल बोलत होता. रुचिका दारात उभी होती, ती शांतपणे म्हणाली, "भावजी, त्या इंजेक्शनचं मी मुंबईच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चार आठवडे मिळाले तर मिळतील आणि तेही हॉस्पिटलात. ट्रेलर गेला तर नेत्राची दहावी कशावर करू?" दिपेश गाडीत बसून निघून गेला. भावाच्या खाटेपाशी गेलाच नाही.

तो वाईट मुलगा नाही. त्याला भावाकडे बघवत नाही, हे मला समजतं. ज्याला बघवत नाही त्याने निदान पैसे पाठवावेत, एवढंच माझं म्हणणं. पाठवले तर हे कलम मी बदलीन. आज, ही ओळ लिहीपर्यंत, पाठवलेले नाहीत.

कलम ७. भांडी, साड्या, धवले.

तांब्या-पितळेची भांडी आणि बँकेत राहील ते प्रणयला. लग्नांत मानाच्या मिळालेल्या साड्या मी विकायला काढल्या होत्या, पण नेसलेल्या साड्यांना कोण विचारतो. मऊ मऊ निवडून त्यांच्या गोधड्या शिवल्या. त्याच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्या त्याच्या खाली घातल्या आहेत. कितीतरी नवरीच्या आयांनी दिलेल्या साड्या आहेत त्या. तो म्हणतो, "एवढ्या सासवांच्या अंगावर झोपलोय, झोप कशी लागंल?"

धवले मी कोणाला लिहून देऊ शकत नाही, कारण ते लिहिलेले नाहीत. नेत्राने तिच्या मोबाईलवर मला गायला लावून थोडे भरून घेतले. अभ्यास सोडून घेतले म्हणून मी रागावले. आता वाटतं, बरं केलं.

कलम ८. पन्हळ.

नीराबाईला या मृत्युपत्राने मी काही देत नाही. मात्र तिच्या छपराची पन्हळ माझ्या परसात पाणी सोडते, यावरून आम्ही दोघी आयुष्यभर भांडलो, ते माझ्यापुरतं संपलं. ती पन्हळ कोणी काढू नये. आज तिच्याशी भांडायला माझ्यात बळ नाही, तिच्यात तर नाहीच. दुपारी ती आणि मी खाटेच्या दोन बाजूंना बसतो. एक वारा घालते, दुसरी पाय चेपते, आणि थकलो की बाजू बदलतो.

कलम ९. आजची स्थिती.

हे लिहिताना वर्गणी संपत आली आहे. मशीनचं भाडं पुढच्या सोमवारपर्यंत भरलेलं आहे. पेज दोन चमच्यांवर आली आहे. जाळी शाबूत आहे, पण आता पोटच नको म्हणतं. डॉक्टर फोनवर म्हणाले, गोळ्या वाढवा, जबरदस्तीने भरवू नका. गोळ्या वाढवायच्या तर आणायच्या कशातून, ते मी त्यांना विचारलं नाही. त्यांच्या हातात जेवढं होतं तेवढं त्यांनी केलं.

मी पुन्हा गावकीपुढे उभी राहिले असते. देवळापर्यंत गेलेही होते. पण माझ्याकडे द्यायला दुसरं मरण नाही. एक होतं, ते दिलं.

तेव्हा हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे, मी मेल्यावर वाचा किंवा आत्ता वाचा: ज्याला प्रणयला बघायला यायचं असेल त्याने शहाळं आणू नये, टेम्पो करू नये. टेम्पोचे पैसे रुचिकाच्या हातात द्यावेत आणि दोन मिनिटं बसून जावं. तिने चहा विचारला तर नको म्हणावं. अगत्य येण्याचे करावे.

कलम १०. मोकळी ठेवलेली जागा.

पेणच्या वकीलबाई हेमाली यांनी वरचं सगळं वाचलं आणि पेन्सिलीने जागोजागी खुणा केल्या. म्हणाल्या, "आजी, घर प्रणयला, भांडी प्रणयला, बँकेतलं प्रणयला. तो तुमच्या आधी गेला तर?"

मी म्हटलं, "तसं व्हनार न्हाय. मी म्हातारी हाय."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "तरी लिहावं लागतं. नाहीतर तुमच्यामागे सगळं वाटणीत जाईल. रुचिकाला काही मिळणार नाही."

मी ती जागा मोकळी सोडून कागद घरी आणला. या कलमाचा मथळा मी लिहिला होता, पण त्याच्याखाली दोन दिवस काही नव्हतं. काल सकाळी मी खाटेशी बसून कागद चाळत होते. प्रणय जागा होता. म्हणाला, "काकी, ह्ये कोरं कशाला?"

"शाई संपली व्हती."

"वाच वरचं."

मी वाचलं. शेताच्या कलमाला तो हसला, हसताना त्याला कळ आली, मी थांबले, तर म्हणाला, "वाच, वाच. खेकड्यांसकट काय!" सगळं वाचून झाल्यावर डोळे मिटून पडला. मला वाटलं, झोपला. मग म्हणाला, "कोरं ठेवू नको. कोनी पन काय पन भरंल. लिही, मी सांगतो."

"मी न्हाय लिहिनार."

"काकी. सगल्या गावाची लग्नं तू पार पाडलीस. कोन आधी, कोन मागं, कुनाच्या नावामागं कुनाचं नाव घ्यायचं, तुझं कधी चुकलं न्हाय. आता चुकू नको."

मी लिहिलं. शब्द त्याचे आहेत, मी फक्त अक्षरं काढली:

प्रणय माझ्या आधी गेल्यास माझं सर्व रुचिकाचं. दादाचं नाही, आईचं नाही, नेत्राच्या नावाने दुसऱ्या कोणी सांभाळायचं नाही. रुचिकाचं. तिने पुन्हा लग्न केलं तरी तिचंच.

आत रुचिका भांडी घासत होती. शेवटच्या वाक्याला भांड्यांचा आवाज थांबला. मी हळू आवाजात विचारलं, "ह्ये पन लिहू?"

"लिही. आन् लगीन झालं तर धवले तू गायचे. दुसरी कोन आनायची न्हाय."

हे मृत्युपत्रात बसत नाही, असं वकीलबाई म्हणतील. मी लिहिलं आहे, ते तसंच राहू द्यावं.

इथे माझं लिहिणं संपलं. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही आणि आता करायला माझ्याकडे काही उरलेलं नाही. वरची सगळी पानं मी स्वतः वाचून, समजून त्यांवर सही करत आहे. हा कागद खरा करायला गणराज ठाकूर यांनी पुढाकार घ्यावा. साक्षीदार असा लागतो की ज्याला यातून काही मिळत नाही. गणराज आहेतच. दुसरी नीराबाई.

आत्ताच तिला बोलावलं. तिने हात पुसले. मी म्हटलं, "वाचून दाखवू?"

"नको गो जाऊबाय," ती म्हणाली. "अंगठा कुठं द्यायचा त्येवढं सांग."

लिहून देणार: कमळ धर्मा घरत (सही)

साक्षीदार:
१. गणराज बाळाराम ठाकूर, अध्यक्ष, गावकी, खारवडाळे (सही)
२. नीराबाई महादेव घरत, राहणार खारवडाळे (डाव्या हाताचा अंगठा)

अंगठा ओळखणार: ॲड. हेमाली पाटील, पेण (सही)

मुक्काम खारवडाळे, तालुका पेण, जिल्हा रायगड
दिनांक ७ फेब्रुवारी २०२५